विमान गेलं की

प्रिय सुहासदादा,

सोन्याची खाण बंद पडली, आपली अख्खी वसाहत ओस पडली, म्हणून तू आईला माझ्याकडे लंडनला, हाउन्सलोला धाडलंस. छान केलंस! अरे, डोक्यावरून विमान गेलं, खिडक्या थरथरल्या की ही बाई अनवाणी फाटकाशी! खाणीत हादरा बसला की आपलं माणूस वर येईपर्यंत बायका दारात उभ्या राहायच्या, तशीच. मी ड्यूटीवरून येईपर्यंत आत यायला तयार नाही. एअरपोर्टशेजारी काय करू हिचं, सांग! परवा ओरडलेच तिच्यावर.

आज विमान गेलं, तेव्हा माझी वरदा शाळेतून आली नव्हती. मी फाटकाशी कधी पोचले, कळलंच नाही. मागून आई म्हणाली, "सरक जरा, मलाही उभं राहू दे."

हे पत्र पाठवत नाही. तू तिला परत न्यायला येशील.

तुझी वैतागलेली,
भावना