रायफल सुधार योजना

शनिवार, २ ऑगस्ट २०२५

रायफल घरी आली. माझी स्वतःची. कंपनीची साधी बोल्ट-अॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर खिट्टी हातानं मागे ओढून पुढे ढकलायची. दस्ता काळ्या प्लास्टिकचा, कचऱ्याच्या डब्यासारखा. पण हा फक्त कच्चा माल आहे.

इथे इंग्लंडमध्ये रायफल ठेवायला सर्टिफिकेट लागतं, त्यासाठी पोलीस अधिकारी आले होते तेव्हा त्यांनी विचारलं होतं की फॉर्मवर कारणाच्या रकान्यात चार ओळींची जागा असताना चार पानं का जोडली. मी म्हटलं, विषय मोठा आहे. त्यांनी रायफलसाठी भिंतीला ठोकलेलं पोलादी कपाट हलवून पाहिलं, पोहे खाल्ले आणि गेले.

ध्येय: क्लबची विंटर टीम. सहा शूटर, सहाशे यार्डांवर मॅच. निवड ९ नोव्हेंबरला, शंभर यार्डांवर. पाच गोळ्यांची भोकं दोन इंचांत बसली पाहिजेत. भोकांच्या या पसाऱ्याला ग्रुप म्हणतात.

बाबा बार्शीच्या बँकेच्या दारात एकतीस वर्षं बारा बोअरची बंदूक घेऊन उभे राहिले. एकही गोळी झाडली नाही. त्यांच्या वाट्याच्या सगळ्या गोळ्या मी मारणार आहे. टीमचा बॅज लावून.

रविवार, १० ऑगस्ट

ग्रुप साडेतीन इंच. क्लबच्या रायफलवरही साडेतीनच यायचा. म्हणजे दोन्ही रायफली सारख्याच खराब.

मॅल्कम म्हणाला, आधी हजार गोळ्या मार, तोवर रायफलला हात लावू नकोस. मॅल्कम क्लबचा आर्मरर आहे, म्हणजे बंदुकांची देखभाल करणारा, वय सत्तर, आधी रेल्वेत सिग्नल दुरुस्त करायचा. भला माणूस आहे. पण त्या पिढीला बदल नको असतो.

शेजारच्या लेनवर मायरा. आईवडील मराठी, पण ती इथेच जन्मलेली, सॉलिसिटर, म्हणजे वकील. तिचा ग्रुप सव्वा इंच. तिची रायफल माझ्याच कंपनीची, त्याच प्लास्टिकची. काय काय बदललंस म्हणून विचारलं तर म्हणाली, काहीच नाही गं, माझा रायफल असाच आहे, बॉक्समधून काढला आणि मारला. रायफल स्त्रीलिंगी असते, हे मी तिला प्रेमानं सांगितलं. ती म्हणाली, ओके, पण मारतो चांगला.

सोमवार, ११ ऑगस्ट. लंच ब्रेक

एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स उगाच नाही केलं. ग्रुप मोठा येण्याचे घटक चार: रायफल, गोळी, वारा, शूटर. एका वेळी सगळे तपासता येत नाहीत. सोयीसाठी शूटर स्थिर धरला.

शनिवार, २३ ऑगस्ट

नवा दस्ता आला. लाकडाच्या थरांचा, तांबूस, जड. ऋजुता म्हणाली, छान आहे, जेवायला बसायच्या पाटासारखा दिसतो. ऋजुता माझी फ्लॅटमेट, नागपूरची, सॉफ्टवेअर टेस्टर. तिला प्रत्येक गोष्टीत बग दिसतो.

गाल टेकवायला दस्त्यावर उंचवटा हवा, म्हणजे डोळा बरोबर दुर्बिणीसमोर येतो. विकतचा मिळतो. पण मी तत्त्व म्हणून घरच्या वस्तूंपासून बनवला. निळा फोम, उत्तम घनता.

रविवार, २४ ऑगस्ट

ऋजुताला कळलं. म्हणाली, योगा मॅट आहे का हातरुमाल, शवासनात माझे पाय गुडघ्यापासून लादीवर येतात. मी म्हटलं, खेळासाठी त्याग लागतो. ती म्हणाली, त्याग करणाऱ्याला आधी विचारतात.

शनिवार, ६ सप्टेंबर

आज बेडिंग. रायफलचा लोखंडी भाग दस्त्यात रेझिन ओतून असा बसवायचा की केसभरही हलू नये. उलट नळी पुढे कशालाच टेकता कामा नये, एकदम अधांतरी. नळीखालून कागदी नोट सरकली पाहिजे.

हे मी आणि मॅल्कमनं मिळून केलं. मी सूचना मोठ्यानं वाचल्या, त्यानं बाकीचं. मधे मी रेझिनच्या डब्याला हात लावायला गेले तर म्हणाला, तू वाचतेस फार छान, वाचत राहा.

संध्याकाळी बाबांना फोन. त्यांनी विचारलं, बंदूक कशी आहे. म्हटलं, माझ्या हातानं घडवतेय.

रविवार, १४ सप्टेंबर

सव्वातीन इंच. वारा होता. मॅल्कम म्हणाला, शंभर यार्डांवर या वाऱ्यानं गोळी हलायची असेल तर तो वारा झाडं घेऊन येतो. तरी वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र मागवलं.

शनिवार, २० सप्टेंबर

गनस्मिथकडून चाप हलका करून आणला. आधी घासत, अडखळत यायचा. आता काच फुटल्यासारखा सुटतो. जुनी दुर्बीणही बदलली. नवीतून शंभर यार्डांवरची माशी दिसते. तिचे पाय मोजता येतात.

रविवार, २८ सप्टेंबर

पावणेतीन. मी म्हटलं नव्हतं?

ग्राफ काढला. रेषा खाली उतरतेय. अशीच नेली तर ९ नोव्हेंबरला दोनच्या आत. त्यापुढे नेली तर वसंत ऋतूत ग्रुप शून्याच्या खाली जातो, ते जरा तपासायला हवं.

बाबांना सांगितलं की निवड जवळजवळ झाली.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

आज शस्त्रपूजा. बँकेत या दिवशी बाबांच्या बंदुकीला हार घालायचे आणि मॅनेजर स्वतः पेढे वाटायचे. वर्षातून तेवढा एक दिवस सगळे बंदुकीकडे बघायचे, आणि बाबांकडे.

ऑफिसमधून लवकर आले. कपाट उघडून रायफल चादरीवर ठेवली. सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती, हळद, कुंकू, अक्षता. बाबा व्हिडिओ कॉलवर. म्हणाले, नळीला कुंकू लाव, दस्त्याला हळद, आणि अक्षता चिमूटभर काय टाकतेस, मनापासून टाक. मनापासून टाकल्या. आई मागून म्हणाली, तांदूळ तिकडे महाग असेल. बाबा म्हणाले, तू गप्प बस, ती टीममध्ये आहे.

ऋजुतानं शेजारी लॅपटॉप ठेवला. रायफलच्या गालाजवळच्या निळ्या भागाला मात्र तिनं स्वतः वेगळं कुंकू लावलं. म्हणाली, माझ्या मॅटच्या आत्म्याला.

रविवार, ५ ऑक्टोबर

साडेचार इंच. पूजेनंतर. काही समजत नाही.

गोळ्यांचा बॅच बदललाय, तेच कारण. जुना बॅच शोधते.

रविवार, १२ ऑक्टोबर

जुना बॅच मिळाला. पाच इंच.

दुर्बिणीच्या पकडी ढिल्या असणार. स्क्रू बरोबर मापानं घट्ट करायचा खास पाना मागवला.

रविवार, १९ ऑक्टोबर

पाना अचूक आहे. ग्रुप सव्वापाच.

चहाच्या वेळी मायरा म्हणाली, तुला एक सांगू, राग नको येऊ, तू गोळी मारताना डोळा मिटते. मी म्हटलं, एक डोळा मिटायचाच असतो. ती म्हणाली, दोन्ही.

मायराचं मराठी कच्चं आहे. तिला दोन आणि दुसरा यांत गोंधळ होत असावा.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

आईनं व्हॉट्सअॅपवर कात्रण पाठवलं. बार्शीचं साप्ताहिक. "बँकेच्या माजी सुरक्षारक्षकाच्या कन्येची इंग्लंडच्या संघात झेप." माझा बारावीचा फोटो, दोन वेण्या. बाबांनी त्याच्या चाळीस प्रती घेतल्या. काल बँकेत नेऊन दिल्या, मॅनेजरांनी त्यांना आत केबिनमध्ये बसवून चहा पाजला. एकतीस वर्षांत ते त्या केबिनमध्ये उभेच असायचे.

इंग्लंडचा संघ नाही, क्लबचा आहे, हे कळवायला हवं. दिवाळी झाल्यावर कळवते.

रविवार, २६ ऑक्टोबर

साडेपाच. आज घड्याळं एक तास मागे गेली. शरीराची लय बिघडते, यावर संशोधन आहे.

रविवार, २ नोव्हेंबर. दुपार

गूढ उकललं. उकललं. शांतपणे लिहिते.

मॅल्कमनं रायफल मागितली. खिशातून एक जुनी कागदी नोट काढली, आता दुकानात चालत नाही अशी, आणि नळीखालून सरकवली. अर्ध्यात अडली. त्यानं स्क्रू काढले, नळी उचलली, चिमट्यानं काहीतरी ओढून तळहातावर घेतलं. तेलात भिजलेला, गुलाबी झालेला तांदळाचा एक दाणा.

सगळे जमले. हे काय म्हणून मॅल्कमनं विचारलं. मी म्हटलं, अक्षता. तो म्हणाला, अक्षया तर तुझं नाव ना. म्हटलं, नाही, नाव वेगळं, हा पूजेचा तांदूळ. त्याला दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत होते. तो म्हणाला, म्हणजे महिनाभर अक्षयाच मधे येत होती. मायरा खूप हसली. परक्या भाषेत अशा चुका होतात.

पण बघा, एका दाण्यानं केवढा फरक. नळी गरम झाली की त्याला टेकायची आणि गोळी भरकटायची. मी निर्दोष. दस्ता निर्दोष. चाप निर्दोष. लगेच पाच गोळ्या मारायला आडवी झाले.

त्याच दिवशी, संध्याकाळ

दाणा काढल्यावरचा ग्रुप: सहा इंच.

मॅल्कमनं तीच रायफल घेतली, त्याच गोळ्या. पाच मारल्या. पाऊण इंच. चष्मा पुसत म्हणाला, रायफल अप्रतिम झालीय, आता हिच्यात फॅक्टरीचा एकच भाग राहिलाय, तो मागे झोपतो.

मग त्यानं मला पुन्हा झोपवलं आणि गोळ्या स्वतः भरून दिल्या. दोन सुटल्या. तिसऱ्या वेळी चाप ओढला, आवाजच नाही. त्यानं रिकामं खोटं काडतूस घातलं होतं. गोळी नव्हती, धक्का नव्हता, तरी माझी रायफल वीतभर उडाली आणि मी डोळे गच्च मिटून होते. सगळ्यांनी पाहिलं. डोळे उघडल्यावर मीही.

तो म्हणाला, रोज घरी रिकाम्या रायफलवर शंभर वेळा चाप ओढ, डोळे उघडे ठेवून. आवाजाची भीती आहे, जाते. मी म्हटलं, मला भीती नाही. तो म्हणाला, तुला नाही, तुझ्या पापण्यांना आहे.

सात दिवस आहेत. सातशे वेळा. टाइमटेबल केलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आतापर्यंत एकशे साठ वेळा झालं. ऋजुता समोर बसून डोळे बघते. ती म्हणाली, प्रगती आहे, आता फक्त एकच मिटतो, पण तो दुर्बिणीचा. बुधवारी बाहेर फटाके होते, गाय फॉक्सची रात्र, म्हणजे इथला दरवर्षीचा फटाक्यांचा सण, सगळी मेहनत वाया गेली.

रविवार, ९ नोव्हेंबर

निवड. चार इंच. आधीच्या रविवारपेक्षा दोन इंचांची सुधारणा, म्हणजे तेहतीस टक्के, सगळ्या क्लबमध्ये सर्वांत जास्त. टक्केवारीवर निवड होत नाही हा पद्धतीचा दोष आहे.

सेक्रेटरी पॅमनं सहा नावं वाचली. मायरा पहिली. सहावं नाव एका रिटायर्ड डेंटिस्टचं. मी वही उचलून बॅगेत ठेवत होते, तेवढ्यात पॅम म्हणाली, आणि मार्कर, अक्षया. मॅल्कम वर छताकडे बघत होता.

बॅज मिळाला. सातही बॅज अगदी सारखे आहेत. जवळून पाहिलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर. मॅच

मार्कर म्हणजे टार्गेटच्या पुढच्या मातीच्या बांधाआड, खंदकात. डोक्यावर टार्गेट. गोळी लागली की ते दोऱ्यांनी खाली ओढायचं, भोकाला चिकटपट्टी लावायची, कुठे लागली ते दिसेल अशी रंगीत चकती अडकवायची, परत वर करायचं. सहाशे यार्ड लांबून सहा जण मारतात आणि प्रत्येक गोळी माझ्या हाताखालून जाते. गोळी डोक्यावरून जाताना कडाडते. त्या क्षणी डोळे मिटले तरी कामात काही फरक पडत नाही. मार्किंग मला फार छान जमतं, हे वॉकी-टॉकीवर मायरा दोनदा म्हणाली. एकदा लिंग बरोबर होतं.

रायफल आणली होती. कोणाला जास्तीची लागली तर, म्हणून. मायरानं शेवटचे दहा शॉट तिच्यावर मारले आणि आपण जिंकलो.

मॅच चालू असतानाच, खंदकात सँडविच खात होते तेव्हा बाबांचा व्हिडिओ कॉल आला होता. बँकेतून. शेजारी मॅनेजर, मागे कॅशियर, नवा गार्ड, त्याच्या खांद्याला तीच बारा बोअर. मी बॅज कॅमेऱ्यासमोर धरला. बाबांनी तो सगळ्यांना दाखवला. मॅनेजरांनी विचारलं, टार्गेट किती लांब असतं. मी म्हटलं, सहाशे यार्ड, पण माझी पोझिशन टार्गेटच्या अगदी जवळ असते, टीममध्ये सर्वांत जवळ. मॅनेजर वा म्हणाले. कॅशियर वा म्हणाला.

बाबा फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. तेवढ्यात वर गोळी कडाडली, मी टार्गेट खाली ओढलं, पट्टी लावली, चकती लावली, वर केलं. फोन मांडीवर होता, त्यांना सगळं दिसलं असणार. एकतीस वर्षं दारात उभ्या राहिलेल्या माणसाला कोण कुठे उभं आहे ते लगेच कळतं.

त्यांनी हळूच विचारलं, मग गोळी कोण मारतं?

मी म्हटलं, बाबा, आवाज तुटतोय. आवाज अगदी स्वच्छ येत होता.