खिडकीची बिस्किटे

मी, पुनाराम वल्द ईश्वरदास कापगते, वय सत्तावन्न वर्षे, जात कोहळी, पूर्वीचा धंदा रेल्वेच्या साहेबांकडे स्वयंपाक, हल्लीचा धंदा बिस्किटे भाजणे, राहणार रेलटोली, गोंदिया, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र आज मंगळवारी अर्जनवीस उदाराम यांना समोर बसवून स्वतःच्या तोंडाने सांगून लिहवून घेत आहे. कोणी मला धमकावलेले नाही, फुसलावलेले नाही. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला कोणाला हवा असेल तर त्याने आज सकाळची खेप पाहावी, एकही बिस्किट करपलेले नाही. शरीराचा मात्र भरवसा राहिला नाही. डॉक्टर म्हणतात, हृदय थकले आहे. मला दुखत काही नाही. दुपारी भट्टीपुढे बसलो की माझ्या आणि भट्टीच्या मध्ये स्वच्छ पाणी भरल्यासारखे वाटते, आणि हात, परात, निखारे सगळे त्या पाण्यातून हलताना दिसते. वाईट वाटत नाही. पण कागद करून ठेवावा, असे मनात आले.

कलम पहिले. गावची शेती. धानाच्या जमिनीत माझा जो हिस्सा आहे तो मी धाकटा भाऊ बिसराम याला देतो. आमच्या लोकांनी तलाव बांधले. माझे वडील पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे राहून नुसत्या नजरेने पाण्याचा उतार सांगत. मला तो डोळा मिळाला नाही. मी एकोणिसाव्या वर्षी गाव सोडून गोंदियाला आलो आणि साहेबांच्या चुली फुंकल्या. वडिलांच्या तेरवीला गेलो तेव्हा पंगत बसली होती. बिसराम पत्रावळींवर वाढत होता. माझ्यापुढे येऊन तो थांबला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "तू साहेबाच्या घरी अंडे फोडतेस. पंगतीत कायले बसलास?" मी उठलो, गोठ्याजवळ बसून जेवलो. त्यानंतर गावी गेलो नाही. जमीन त्याने कसलेली आहे, म्हणून ती त्याची. त्या दिवशीचा राग मी अजून सोडलेला नाही. तो कोणाच्या नावे करता येत नाही, असे उदाराम म्हणतात.

कलम दुसरे. लोखंडी ट्रे दोन, पितळी साचे सहा, आणि निळ्या फुलांचे चिनी भांडे एक. या वस्तू मला डोरा मेमसाहेबांनी दिल्या, म्हणून त्या कशा आल्या हे लिहिणे भाग आहे. मेमसाहेब इंजिन ड्रायव्हरची बायको. जन्म रेल्वेच्या वसाहतीतला, विलायत कधी पाहिलेली नाही, तरी बोलताना विलायतेलाच घर म्हणायच्या. लढाई संपल्यावर सोल्जर लोकांचे उरलेले डबे बाजारात येत. त्यांत एक डबा शेंगदाण्याच्या लोण्याचा निघाला. मेमसाहेबांनी ते लोणी मैद्यात मळले, चाकलेट फोडून घातले, वर रंगीत गोळ्यांचे तुकडे टोचले आणि पत्र्याच्या भट्टीत ठेवले. खाली निखारे, झाकणावर निखारे. थोड्या वेळाने जो वास आला तो मला सांगता येणार नाही. भाजलेला भुईमूग मी जन्मभर हुंगलेला, पण हा भुईमूग जणू झोपेतून उठून गोड हसत होता.

सत्तेचाळीसच्या डिसेंबरात त्यांचे सामान बांधले गेले. त्या सकाळी फलाटावर एवढे धुके होते की गाडीचे डबे दिसत नव्हते, फक्त दारांच्या मुठी दिसत होत्या. मेमसाहेबांनी भट्टी, ट्रे, साचे, अर्धा डबा लोणी, चाकलेटची वडी आणि गोळ्यांची बरणी माझ्या स्वाधीन केली. म्हणाल्या, "पुनाराम, उधर हमको कौन पहचानेगा?" मी म्हटले, "मेमसाब, बिस्किट बनाना. खुशबू से पहचानेंगे." त्या हसल्या. गाडी धुक्यात शिरली, तरी त्यांचा हातमोजा बराच वेळ दिसत राहिला. निळ्या फुलांचे भांडे मी कधी वापरले नाही. ते, ट्रे आणि साचे प्रेमिलाला मिळावेत. प्रेमिला कोण, ते पुढे येते.

कलम तिसरे. देण्यासारखे यात काही नाही, पण हे कलम राहू द्यावे, असे मी उदारामांना सांगितले आहे. डबा संपला. नोकरीही संपली, कारण नव्या साहेबांनी आपला माणूस आणला. माझ्याकडे भट्टी होती, लोणी नव्हते. स्टेशनबाहेर कुंदाबाई नागपुरे भाजलेल्या शेंगांची टोपली घेऊन बसत. त्यांचा नवरा सुखराम स्टेशनवर हमाल होता, तो वारला तेव्हा पदरात दोन वर्षांची मुलगी. मी त्यांना विचारले, "दाण्याचं लोणी काढून द्याल काय?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "दाण्याचं लोनी? तुमचं डोस्कं ठिकाणावर हाये न जी?"

तरी त्यांनी दाणे सोलले आणि पाट्यावर घेतले. आधी कूट झाला. मग कुटाचा गोळा झाला, वरवंट्याला चिकटला, ढिम्म हलेना. मी म्हटले, राहू द्या. त्या म्हणाल्या, "थांबा जी, दानं काही बोलून राहिलं." आणि वाटतच राहिल्या. ऊन अंगणातून भिंतीवर चढले. एकाएकी तो गोळा सैल पडला, चमकला, मधासारखा पाट्यावरून उतरू लागला. "हे पाहा, सुटलं!" त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या. बोटाने चाटून मी डोळे मिटले. डबाबंद लोण्याला ही चव नव्हती. त्या दिवसापासून आजपर्यंत बिस्किटांचे दाणे त्यांनीच वाटले आहेत.

कलम चौथे. प्रेमिला ही त्यांची मुलगी. एकोणपन्नासच्या थंडीत तिला मुदतीचा ताप आला. वय आठ. एकवीस दिवसांनी ताप उतरला, पण पोरगी परत आली नाही, असे म्हणायला हवे. डोळे उघडे ठेवून ती छताकडे पाहत पडे. पेज दिली तर ओठांतून बाहेर. डॉक्टर म्हणाले, आता पोटात काही गेले नाही तर माझ्या हातात काही नाही. कुंदाबाई कोपऱ्यात बसून दाणे निवडत होत्या. निवडलेलेच पुन्हा निवडत होत्या.

मी भट्टी पेटवली. दुसरे मला येत काय होते? मेमसाहेबांच्या वडीतला शेवटचा तुकडा फोडला. बरणीच्या तळाशी हिरव्या, लाल, पिवळ्या गोळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या खलबत्त्यात कुटल्या. त्या दिवशी माझे लक्ष पोरीकडे होते. बिस्किटांना मध्ये भोके पडली, आणि भोकांत गोळीचा चुरा सांडला. बाहेर काढली तेव्हा चुरा वितळून काच झाला होता. प्रत्येक बिस्किटाच्या मधोमध एक रंगीत काच.

निवल्यावर एक प्रेमिलाच्या हातात दिले. तिने ते तोंडाकडे नेले नाही, डोळ्याकडे नेले. खिडकीतून सकाळचे ऊन येत होते. त्या काचेतून तिने छप्पर पाहिले, आईला पाहिले, मग माझ्याकडे वळली आणि तेवीस दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"काका, तुमी हिरवे दिसून राहिले."

कुंदाबाईंच्या हातून सूप पडले. प्रेमिलाने मग बिस्किटाची कड कुरतडली, काच फुटू नये म्हणून अगदी हळू, उंदरासारखी. संध्याकाळपर्यंत चहूबाजूंनी कड संपली आणि नुसती हिरवी काच तिच्या मुठीत राहिली. ती मुठीत घेऊनच झोपली. दुसऱ्या दिवशी तिने लाल मागितली. आठव्या दिवशी भात मागितला. रेलटोलीतली मुले त्या बिस्किटाला खिडकी म्हणू लागली, आणि मी तीच विकू लागलो.

कलम पाचवे. कृती. ती कोणा एकाच्या मालकीची नाही. जो मागेल त्याला सांगावी. मैदा, साजूक तूप, साखर, चिमूट सोडा, तुपाच्या दुप्पट दाण्याचे लोणी. अंडे नाही, मेमसाहेब घालत, मी कधी घातले नाही. चाकलेट नागपूरहून आणावे, बारीक करू नये, दातांना सापडले पाहिजे. गोळीचा चुरा बिस्किट अर्धे भाजल्यावरच भोकात भरावा, आधी भरला तर जळून कडू होतो. ट्रेमधून गरम असताना उचलू नये. धीर धरावा.

बाजारातला श्यामलाल हलवाई याने विचारले तर त्यालाही सांगावी. मी कृती विकली नाही म्हणून त्याने एका दिवाळीत उठवले होते, "इसमें साहब लोगों की चर्बी है." आठ दिवस माझी टोपली भरलीच्या भरली परत आली. नवव्या दिवशी कुंदाबाई त्याच्या दुकानासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माही पोरगी हे खाऊन जगली. खा. काऊन भेतेस?" गिऱ्हाईक बघत होते, त्याला खावे लागले. आणि त्याने दुसरे मागितले, हे सांगणारे चार लोक अजून हयात आहेत. त्याला सगळे सांगावे, फक्त दाणे पाट्यावरच वाटायचे हे सांगू नये. उदाराम म्हणतात, कागदावर आले म्हणजे त्याला कळणारच. त्याला इलाज नाही.

कलम सहावे. रेलटोलीतले माझे घर, दोन खोल्या, पडवी आणि मागचे बोराचे झाड, हे मी कुंदाबाई बेवा सुखराम नागपुरे यांना देतो. कारण लिहितो. बावन्न साली, होळीनंतरच्या एका दुपारी, मी त्यांना म्हणालो होतो, आपण पाट लावून लग्न करू. आमची जात वेगळी, पण मला आता गोठ्याजवळ बसण्याची सवय होती. त्या खूप वेळ टोपलीवरचे फडके सारखे करत राहिल्या. म्हणाल्या, "पोरीचं लगन होऊ द्या जी. मग पाहू." मागच्या वर्षी प्रेमिलाचे लग्न दवनीवाड्याला झाले. वऱ्हाडाला मी खिडक्या भाजून दिल्या. लग्न झाले, आणि मी पुन्हा विचारले नाही. एवढ्या वर्षांत आमचे रोजचे बोलणे दाण्यांवरून आणि निखाऱ्यांवरूनच चालत आले. ते मोडेल, अशी भीती वाटली.

कलम सातवे. सहावे कलम लिहून होत असताना कुंदाबाई आजचे लोणी घेऊन आल्या. उदारामांनी त्यांना ते वाचून दाखवले. त्यांनी भांडे खाली ठेवले आणि विचारले, "साक्षीदार कोन हाये?"

उदाराम म्हणाले, "दोन लागतात. एक शेजारचे दुधराम. दुसरा पाहून राहिलो."

"मी करतो सही," कुंदाबाई म्हणाल्या. "पोरीनं शिकवली मले."

"तुम्हाला नाही करता येत, बाई. तुम्हाला घर मिळून राहिलं. ज्याला मिळते त्यानं साक्ष दिली तर त्याचं मिळणं रद्द होते. कायदा आहे."

"मंग होऊ द्या रद्द."

मी मध्ये पडलो. म्हटले, असा हट्ट का? त्या उदारामांकडे बघूनच बोलल्या, माझ्याकडे नाही. "घर घेतलं तर लोक म्हनतील, घरासाठी थांबली होती. मी घरासाठी नोहती थांबली. यायनं एकदा इचारलं, मंग इचारलंच नाही. पोरीचं लगन झालं, मी रोज वाट पाह्यली. आज इचारते, उद्या इचारते."

मला पुन्हा ते पाणी दिसले, भट्टी आणि माझ्या मधले. त्यात त्यांचे लोण्याने माखलेले हात हळूहळू हलत होते. मी म्हणालो, "मग आता विचारतो."

"आता नोको. आता इचारलं तरी लोक घरच म्हनतील." मग म्हणाल्या, "कागदावर तुमचं नाव हाये न? त्याच कागदावर माहं राहू द्या. बस."

म्हणून सहावे कलम मी माझ्या मर्जीने रद्द करतो. घर प्रेमिला हिला मिळावे. तिने त्यात कोणाला ठेवावे हे मी सांगत नाही, ती आम्हा दोघांपेक्षा शहाणी आहे. पत्र्याची भट्टी या मृत्युपत्रात येत नाही, कारण ती मी आत्ता, हे लिहून होण्याच्या आधी, कुंदाबाईंच्या हातात दिली आहे. त्यांनी ती घेतली, हे उदारामांनी पाहिले.

कलम आठवे. पोस्टातली शिल्लक माझ्या क्रियाकर्माला वापरावी. तेरवीला लाडू करू नयेत, खिडक्या कराव्यात. बिसराम आला तर त्याला पंगतीत मधोमध बसवावे.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून घेतले, समजले, मनाला पटले, म्हणून खाली सही करतो.

ठिकाण : रेलटोली, गोंदिया.
तारीख : ९ डिसेंबर १९५८.

लिहून देणार : पुनाराम ईश्वरदास कापगते

साक्षीदार :
१. दुधराम, राहणार रेलटोली
२. कुंदा

लेखकाची नोंद : साक्षीदारांची जागा पानाच्या डाव्या बाजूला असते, हे मी दोघांनाही समजावून सांगितले होते. साक्षीदार क्रमांक दोन यांनी सही लिहून देणाराच्या सहीला लागून केली आहे. नवऱ्याचे नाव व आडनाव लिहिण्यास सांगितले असता, पुरे, म्हणाल्या. सही त्यांच्याच हातची आहे. खाडाखोड नाही.

— उदाराम, अर्जनवीस