एक्केचाळीस जणांनी पाहिलेली आई

कोहमारा,
१२ नोव्हेंबर २०१३

प्रिय रत्नपाल,

जयभीम. 'आम्ही सगळे इकडे मजेत आहोत' असं पत्रात आधी लिहायची पद्धत आहे. पण तुझ्याशी खोटं बोलायचा माझा वाटा केव्हाच संपलाय, म्हणून ते राहू देते. आमच्या छोट्या रीनाला सर्दी आहे. धानाची कापणी सुरू असल्यामुळे तुझ्या भाऊजींच्या वर्गात निम्मीच पोरं येतात, आणि जी येतात ती झोपतात. माझी तब्येत ठीक आहे, स्वभाव आहे तसाच आहे. फोन असताना ताईला पत्राची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. अरे, फोनवर तू 'हो ताई, बरं ताई' म्हणतोस, आणि ज्या एका वाक्यासाठी मी फोन केलेला असतो ते सोडून मी हवापाण्याच्या गोष्टी सांगत बसते. असे वर्षभरात किती फोन झाले असतील! कागद निदान मध्येच 'ठेवतो आता' म्हणत नाही.

आठ डिसेंबरला आईला जाऊन वर्ष होतं. रविवारच आहे. गोंदियाच्या घरीच पुण्यानुमोदन ठेवलं आहे; सकाळी दहाला भन्तेजी येतील, मग भोजनदान. मोहल्ल्यातल्या बाया आत्तापासूनच कोण किती पोळ्या लाटणार यावरून भांडून राहिल्या आहेत. फक्त मुलगा येणार की नाही हे कुणाला माहीत नाही, आणि मला विचारलं की मी चुलीकडे बघते. तू येणार नाहीस हे तू भाऊजींना सांगितलंस. 'ज्या माउलीला मी साऱ्या जगापुढे उघडं पाडलं, तिच्या फोटोपुढे मेणबत्ती कोणत्या तोंडानं लावू?' असं म्हणालास म्हणे. त्यांनी मला हे सांगितलं. मग म्हणाले, अल्का, हे कशाबद्दल बोलतो आहे तो? मी म्हटलं, मला काय माहीत. मला माहीत होतं, रत्नपाल. आई गेली तेव्हा तू पाहुण्यासारखा दाराशी उभा होतास आणि तिसऱ्या दिवशी निघून गेलास, तेव्हाही मला माहीत होतं.

मागच्या आठवड्यात शाळेतल्या कॉम्प्युटरवर इंटरनेटवरचे तुझे सिनेमे पाहिले. सातही अजून तसेच आहेत. दोन हजार नऊच्या दिवाळीच्या सुट्टीत तू हॉस्टेलच्या मित्राचा कॅमेरा मागून आणला होतास आणि आमचं डोकं खाल्लं होतंस. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सिनेमा नुकताच जन्मला तेव्हा लोक कॅमेरा एका जागी रोवून मिनिटभर समोरचं दिसेल ते टिपायचे, आणि आता देशोदेशीचे काही वेडे तसंच करून इंटरनेटवर टाकतात, हे तू मला भाकरी थापताना समजावून सांगितलंस. कॅमेरा हलवायचा नाही. आवाज ठेवायचा नाही. कापायचं नाही, जोडायचं नाही. एक मिनिट झालं की संपलं. मी म्हटलं होतं, याला सिनेमा म्हणतात की शिक्षा? पण परवा पाहताना मी पहिलं मिनिट संपल्यावर परत लावलं. राइस मिलच्या फाटकातून सुटलेल्या बाया, अंगभर कोंडा, त्यातली एक चालता चालता दुसरीच्या केसांवरचा कोंडा झटकते. चोरखमाऱ्याच्या कालव्याचं पाणी धानाच्या कोरड्या बांधीत शिरतं आणि एक बगळा दोन पावलं मागे सरतो. इथल्या कोहमाऱ्याच्या ढाब्यावर ट्रकच्या आरशात भांग पाडणारा तो सरदारजी. एवढंच. पण मी रोज त्याच चौकातून जाते आणि मला कधी काही दिसलं नव्हतं. या सातांनंतर तू आठवा टाकला होतास. तो तिथे नाही. त्यानंतर तू एकही काढला नाहीस.

तो दिवस आठवतो तुला? तू म्हणालास, आई, तू रोज बसतेस तशी ओसरीत बिड्या वळत बस. आई गेली आत आणि लग्नाकार्याचं हिरवं लुगडं नेसून आली, केसांना तेल लावून. तू तिला परत पाठवलंस. तेव्हा ती किती चिडली! 'काऊन रे, लोक का म्हनतीन? पोरगा पुन्यात इंजिनेरी शिकते अन् माय फाटक्या लुगड्यात!' शेवटी ऐकलं तिनं. स्टुलावर दोन विटा, विटांवर कॅमेरा. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. तू तिला एकच गोष्ट दहादा बजावलीस, की काम करत राहा, माझ्याकडे पाहू नको, मी नाहीच असं समज. ती म्हणाली, 'तू नव महिने पोटात होता तवाही मले काम करतच रायनं लागलं, आता का शिकवतोस?' मग मिनिटभर ओसरीत कुणी जागचं हाललं नाही. तिनं तीन बिड्या पूर्ण वळल्या आणि चौथी अर्धी. झाल्यावर तू कॅमेऱ्याच्या मागे तिला दाखवलंस, पण मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्या काडेपेटीएवढ्या काचेत काय दिसणार? 'मुंगी दिसते बापा,' म्हणाली. तू म्हणालास, पुढच्या खेपेला येईन तेव्हा मोठ्या पडद्यावर दाखवतो. त्या भरवशावर तिनं मोहल्लाभर सांगितलं, 'माह्या पोरानं माहा सिनेमा काढला.'

तू पुण्याला जायच्या आदल्या दिवशी मला बाजारातल्या नेट कॅफेत घेऊन गेलास. जिना चढता येत नाही म्हणून आई खालीच, भाजीवालीजवळ बसली. वर मी तुझ्या शेजारी बसून तो सिनेमा पाहिला. खरं सांगू? मी इतकी वर्षं आईच्या पुढ्यात बसून बिड्या वळल्या, पण तिची बोटं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. आणि शेवटी, मिनिट संपता संपता, तू इतकं बजावूनही ती मान वर करते. कॅमेऱ्याकडे नाही, कॅमेऱ्याच्या थोडं वर, जिथे तू उभा होतास तिथे पाहते आणि हसते. तू म्हणालास, ताई, तिनं नियम मोडला म्हणूनच हा सगळ्यात चांगला झाला. कोण्या परदेशातल्या बाईनं खाली लिहिलं होतं की मला माझी आई आठवली. तोवर तो एक्केचाळीस जणांनी पाहिला होता. मी आकडा लक्षात ठेवला. त्या एक्केचाळिसांत आई नव्हती.

त्याच दिवसांत माझं लग्न जुळत होतं. भाऊजींकडच्यांना मध्यस्थानं सांगितलं होतं की मुलगी डीएड, बाबा वारले, आई घरीच असते. आई घरीच असते, हे काही खोटं नव्हतं. ओसरी घरातच येते. पण डीएडची फी बिड्यांतून निघाली, आणि सुट्टीच्या दिवशी मी स्वतः पानं कापायला बसते, हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला वाटायचं. आणि तू गेल्यावर आठच दिवसांत भाऊजींचा फोन आला. गप्पांच्या ओघात म्हणाले, तुमचा भाऊ इंटरनेटवर सिनेमे टाकतो असं ऐकलं, नाव सांगा, आम्हीही पाहू. मी म्हटलं, त्याला विचारून सांगते. कारण त्या सिनेम्यात डाव्या बाजूला, आईच्या मागे, मी बसले आहे. कात्रीनं पानं कापते आहे, केस विस्कटलेले, तोंडात धाग्याचं टोक. तुझं लक्ष आईवर होतं, तुला ते आठवणारही नाही. मला फक्त तेच दिसत होतं.

मग मी तुला फोन केला. काय म्हणाले ते तुला पाठ असेल, मलाही पाठ आहे. 'रत्नपाल, तो आईचा सिनेमा पुसून टाक. आईला फार लाज वाटून राहिली आहे. रडते आहे. म्हणते, पोरानं माझी गरिबी जगाला दाखवली.' तू विचारलंस, तिला फोन देतेस? मी म्हटलं, ती तुझ्याशी बोलायची नाही. आई तेव्हा विहिरीवर होती. तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. लाज आईला वाटली नव्हती, रत्नपाल. मला वाटली होती, आणि तीही आईची नाही, माझी स्वतःची. माझ्या तोंडानं सांगितलं असतं तर तू भांडला असतास. आईच्या नावानं सांगितलं म्हणून तू त्याच संध्याकाळी पुसलंस, कॅमेऱ्यातलंही पुसलंस.

आता याच्यावर हसावं की रडावं ते तू ठरव. लग्नानंतर पंधरा दिवसांनी मी सासूबाईंच्या हातापायांना तेल लावत होते, तर त्यांच्या हाताच्या बोटांना ओळखीचे घट्टे. तीस वर्षं बिड्या वळल्या त्यांनी, सडक अर्जुनीला. भाऊजींना त्या बिड्यांनीच मास्तर केलं, आणि ते हे चारचौघांत छातीठोक सांगतात. मध्यस्थानं आमच्यापासून हे लपवलं, कारण म्हणे मुलीकडचे शिकलेले दिसतात! त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसले. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. पण खोटं बोलायला एक फोन लागतो आणि ते परत घ्यायला हिंमत लागते, ती माझ्यात नव्हती. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत आई गेली.

आईला मी दुसरंच खोटं सांगितलं होतं. ती विचारायची, दाखवते कवा? मी म्हटलं, तो बिघडला, आता त्याला विचारू नको, त्याला वाईट वाटेल. म्हणून तिनं तुला कधीच विचारलं नाही. तुला वाटलं, आई रागानं अबोल झाली; ती तर तुझं मन जपत होती. पण कशानं बिघडला हे तिनं आपल्या मनानंच ठरवलं. 'मी वर पायलं न, म्हनून बिघडलं. पोरानं किती बजावलं होतं.' त्यानंतर ती बिड्या वळायला बसली की कुणी दारात आलं तरी मान वर करायची नाही. शेजारीण येऊन उभी राही, ही खाली पाहूनच बोले. सगळ्यांना वाटलं म्हातारीला ऐकू कमी येतं. मी विचारलं, तेव्हा हळूच म्हणाली, सराव करून रायली. तीन वर्षं तिनं हा सराव केला आणि मी तो पाहिला. दवाखान्यात शेवटच्या दिवशी, तुझी गाडी अजून वर्ध्याच्याही अलीकडे आली नव्हती तेव्हा, तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, 'अल्के, त्याले सांगजो, रागावू नको म्हना. एकदा अजून काढ म्हना माहा सिनेमा. आता मी वर नाई पायत.' हा तिचा निरोप तुझ्यासाठी होता. तू पोचलास तेव्हा मी तुझ्या गळ्यात पडून रडले, पण तो दिला नाही, कारण तो दिला असता तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. आता दिला. आठ तारखेला तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर, माझ्या हातचं पाणीही घेऊ नकोस, पण तिच्यासमोर ये. ती तुझ्यावर रागावली नव्हती. तिला वाटत होतं, तूच तिच्यावर रागावला आहेस.

तुझीच,
ताई