खंडेनवमीचा रंग

आबा, तुमची गाडी काल चालू झाली. नुसती चालू नाही, चार्जिंगही करायला लागली. हे तुम्हाला सांगताना मला बरं वाटतंय, कारण चूक तुमची होती.

काकांना परसातल्या शेडमध्ये पिठाची गिरणी घालायची आहे. तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली तुमची मोटारसायकल त्यांना एकदम अडचण वाटायला लागली. "लाइट न्हाई, चार्जिंग न्हाई, ठेवून करायचं काय? रविवारी भंगारवाला येऊन राहिला," म्हणाले. मी दुरुस्त करते म्हटल्यावर हसले. "तुझ्या बापाला जमलं न्हाई, अन तू करती व्हय? शाळेत लेकरांना विज्ञान शिकवती तेवढं बास झालं." आई भाकरी थापत होती. मान वर न करता बोलली, "रविवारपर्यंत करू द्या तिला. न्हाई झाली तर न्या."

काकांचं मला काही वाटलं नाही. असं बोलायची सुरुवात तुम्हीच करून दिली होती. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, घरात एवढं शिकलेली पहिलीच. स्कॉलरशिपच्या पैशांतून मी तुमच्यासाठी व्होल्टेज मोजायचा मीटर घेतला आणि सेनगावला तुमच्या गॅरेजात घेऊन आले. तेव्हा तुम्ही गाडीची बॅटरी सारखी पिशवीत घालून एसटीनं हिंगोलीला चार्ज करायला न्यायचात. इंजिनाला बॅटरी लागत नसे म्हणून गाडी पळायची, दिवा मात्र मरतुकडा. मी म्हटलं, आबा, बॅटरी चार्ज करणारा डायनामो खरंच गेलाय का ते आधी मोजून बघू. बाकावर दोन गिऱ्हाइकं चहा पीत होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही, त्यांच्याकडे बघून म्हणालात, "ऐकलं का? पोरगी पुस्तक वाचून गाडी दुरुस्त करून राहिली. आता मी घरी जातो, धुणं-भांडी करतो." गिऱ्हाइकं हसली. मीटर खोक्यासकट फळीवर गेला. डायनामो गेलाय, असला आता मिळत नाही, हे तुम्ही सगळ्या गावाला सांगितलं होतं. त्याच उन्हाळ्यात, माझी परीक्षा संपायच्या आत, तुम्ही गेलात.

आता त्याच खोक्यातून मी मीटर काढला. नवी बॅटरी बसवली, कार्बोरेटर धुतला, किका मारून मारून पाय सुजला तेव्हा इंजिन लागलं. पण हेडलाइटच्या वरचा करंटचा काटा जागचा हलेना. मग मी डायनामोच्या दोन्ही तारा सोडल्या, दोन्ही टोकं एकत्र जोडून मीटर लावला आणि रेस हळूहळू वाढवली. आकडा चढत गेला. आबा, डायनामो ठणठणीत होता. तुम्ही मेलेला ठरवलेला डायनामो.

म्हणजे दोष त्याच्या पुढे. डायनामोचा करंट बॅटरीकडे सोडणारा सीटखालचा कटआउटचा डबा, तिथपासून बॅटरीपर्यंत एकेक जोड तपासत गेले. डब्याची अर्थिंगची तार फ्रेमला बोल्टनं आवळलेली, दिसायला घट्ट, पण मीटर म्हणे जोडच नाही. बोल्ट काढला. खाली लोखंड नव्हतंच, रंग होता, आणि रंगातून करंट जात नाही. पान्याच्या टोकानं खरवडला तर काळ्याखाली हिरवा, त्याच्याखाली लाल, पुन्हा काळा.

आणि मला ते अंगण आठवलं. मी लहान आहे. उद्या खंडेनवमी, हत्यारांची पूजा. तुम्ही गाडी अंगणात घेऊन सीट, टाकी, डबे सगळं खोलता आणि ऑइलपेंटनं फ्रेम रंगवता. एक कोपरा सोडत नाही. वाळली की सगळं पुन्हा आवळता, रंगावरच. मी झेंडूची फुलं घेऊन जवळ येते. "दूर व्हय! पोरीच्या जातीनं हात लावायचा न्हाई." "काहून?" "काहून म्हंजे? हत्यार हाय ते. विटाळ होतो." आई मला दंडाला धरून आत नेते. माझा हात लागू नये म्हणून तुम्ही इतकं जपलंत, आणि गाडीचं चार्जिंग बंद पाडलं तुमच्याच ब्रशनं.

लोखंड चमकेपर्यंत घासलं, बोल्ट आवळला, किक मारली. काटा थरथरला आणि चार्जच्या बाजूला झुकला. तुम्ही समोर असायला हवे होतात. माया म्हणून नाही. ती दोन गिऱ्हाइकंही बाकावर हवी होती.

आज भंगारवाला रिकामा परत गेला. काका काट्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "काय झालतं गं हिला?" आई दारात उभी होती. तुमच्यामागं दर खंडेनवमीला ती ताडपत्री बाजूला करून गाडीला हळदकुंकू वाहते, आणि "त्यांनी रंगवली तशी कुनी रंगवत न्हाई," असं शेजारणींना सांगते. 'आबांच्या रंगानं' हे शब्द माझ्या ओठावर होते. तुमची चूक बोलून दाखवायची मी इतकी वर्षं वाट बघत होते.

"काही नाही, एक तार सैल झालती," मी म्हणाले.

काका म्हणाले, "बघ, एवढंसंच होतं. त्याच्या ध्यानात आलं असतं तर त्यानं चुटकीसरशी केलं असतं." आईनं मान हलवली. मी हात धुवायला गेले. तुम्हाला मी वाचवलं, आबा, आणि त्याचा मला अजून राग येतोय.