रिकाम्या बाटल्या

पोसो ब्लांको, १२ जून

चि. बेनितास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. गेल्या वर्षी लघवी तपासायला नेणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा कागद आला. आपल्या पाण्यात सोमलाचं विष आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या तेच पिऊन आपलं डोंगरी रक्त ते बाहेर टाकायला शिकलंय म्हणे! नगराध्यक्षांनी कागद चौकटीत घालून कचेरीत लावला. असं रक्त असताना पाणी गाळायचं यंत्र नको, असा अर्ज त्यांनी फिरवला. पहिली सही मी ठोकली.

सूनबाई नेलिदाला चौथा महिना लागलाय. खालच्या मैदानी मुलखातली पोर, आमच्या पाण्याला नाक मुरडते, बाटलीबंद पाणी मागते. मी तिला बाटलीराणी म्हणते.
तुझी ताई, फोर्तुनाता

साल्ता, २५ जून

ती. ताईस सा. न.
पत्र वाचून डोकं फिरलं. मी त्या डॉक्टरीणबाईंच्याच प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते, म्हणून त्यांनाच विचारलं. कागदात त्रास कमी असं आहे, त्रास नाही असं कुठेच नाही. आपल्यातही सगळ्यांना ते वरदान नाही. आईच्या तळहातांवरचे चट्टे आपण थंडीचे समजलो, आता मला शंका येते.

नेलिदा तुकुमानची, तिला ते रक्त कुठलं? बाळाने बापाचं, आपल्या सिल्वेरिओचं, रक्त उचललं तरी पोटात असताना आई जे पाणी पिते त्याची खूण अंगात वर्षानुवर्षं राहू शकते. रक्ताचा तोरा पुरे. सही मागे घे.
तुझी बेनिता

पोसो ब्लांको, १८ ऑगस्ट

चि. बेनितास,
अनेक आशीर्वाद. दोन दिवस तुला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी नेलिदाची माफी मागितली आणि सही खोडायला गेले. नगराध्यक्ष म्हणाले, दिलेली सही खोडता येत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी येऊन दुसऱ्या तपासणीसाठी लघवीच्या बाटल्या वाटल्या. नगराध्यक्ष फोटोवाल्यासह हजर. आम्ही बायका रांगेने गेलो आणि रिकाम्या बाटल्या कचेरीच्या पायरीवर ठेवल्या. त्रेसष्ट. यंत्र बसेपर्यंत गावाचा एक थेंब मिळणार नाही, असं बजावलं. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच भिंतीवरची कागदाची चौकट उतरवली. नगराध्यक्ष मला गोडीत म्हणाले, तुमचं रक्त भक्कम, तुम्हाला काय त्रास? मी सगळ्यांसमोर विचारलं, "मला विष पचतं, म्हणून ते मला पाजणार का?"

यंत्र अजून आलेलं नाही. सिल्वेरिओ वरच्या झऱ्याचं तपासलेलं पाणी आणतो, आम्ही दोघी तेच पितो. वारा बाटल्या पाडतो, रोज सकाळी मी आणि बाटलीराणी जाऊन त्या उभ्या करतो.

लोभ ठेव, आणि येताना पायरीवर मांडायला तुझ्या शेजारणींकडूनही बाटल्या घेऊन ये. रिकाम्या.
तुझी ताई