मले पुसल्याशिवाय पुसू नये

…सडा टाकून झाला होता, चहाचं आधण चुलीवर होतं आणि मी ओट्यावर बसून बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होते. तेवढ्यात समोरच्या खोलीत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे मोठ्या दिरांचा, मुलगा मनोज आत उभा. भिंतीवरचा एक तक्ता त्याने खाली उतरवला होता आणि त्यावर दुकानाच्या रॅकची मापं लिहीत होता. त्या जागी आधी दुसरं काही लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, "मनोज, काय पुसलं तू?"

"मी काईच नाई पुसलं, काकू. नितेशले पुसूनच आलो ना."

"नितेशले पुसलं, मले नाई पुसलं. अन् जे पुसाचं नव्हतं ते पुसून बसला!"

"सकाळी सकाळी कोडं काहून घालून राहिल्या, काकू?"

त्या सकाळमुळे हा कागद लिहावा लागतो आहे.

मी, मैनाबाई, कै. पुंजाराम मेहरे यांची पत्नी, राहणार बोरखेडी, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती, व्यवसाय भाजी आणि फुलं लावणे व विकणे, असं जाहीर करते की माझं डोकं जागेवर आहे, गुडघे मात्र नाहीत. हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने आणि माझ्या हाताने लिहिते आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. दाखवला असता तर त्याचं नाव इथे आलं असतं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मला लिहिता येत नव्हतं.

१. मागच्या दोन खोल्या, विहिरीजवळचा मळा आणि मोटरपंप माझा मुलगा नितेश आणि सून वर्षाली यांना सारखा मिळावा. वर्षालीचं नाव सातबाऱ्यावर लावावं. मळ्यात ती नितेशपेक्षा जास्त वाकते. गळ्यातली एकदाणी आणि माझं खुरपं हेही तिचंच. खुरप्याची मूठ माझ्या हाताने गुळगुळीत झाली आहे, ती बदलू नये.

२. आता समोरच्या खोलीचं. मृत्युपत्र त्या खोलीसाठीच आहे, बाकीचं रीत म्हणून लिहिलं.

आमच्या घरासमोर शाळा आहे. शिक्षिका एक आणि वर्ग चार. आकांक्षा मॅडम साताऱ्याकडून बदलून आल्या, तेव्हा त्यांनी पहिलीच्या पोरांसाठी माझी खोली मागितली. मी दिली. त्यांनी अकोल्याहून तक्ते करून आणले. जाड पुठ्ठा, वर चकचकीत प्लास्टिक, आणि त्याखाली ठिपक्या ठिपक्यांची अक्षरं. ठिपक्यांवरून मार्कर फिरवायचा, फडक्याने पुसायचं, पुन्हा फिरवायचं. एका तक्त्यावर काट्यांशिवाय घड्याळ आहे, काटे आपण काढायचे. एकावर आजचा वार, आजची हवा आणि आज कोण आलं नाही, हे रोज नव्याने लिहायचं. एकच तक्ता सगळ्या वर्गाला पुरतो आणि पुढच्या वर्षीच्या पोरांनाही पुरतो!

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "छान, आता पुसा." एक पोरगी उठून म्हणाली, "कोनाले पुसू, मॅडम?" मॅडमला समजेना. मी दारात भेंडी निवडत होते, तिथूनच सांगितलं, "आमच्याकडे पुसनं म्हंजे इचारनं बी होते, मॅडम. फडकं दाखवा, मंग समजन." मॅडम इतक्या हसल्या की त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

भेंडी निवडता निवडता मीच शिकले. वहीची मला भीती वाटायची. वहीत चुकलं की ते तिथेच राहतं आणि उद्या उघडली की पुन्हा तोंडावर येतं. तक्त्यावर चुकलं तर पदर फिरवायचा, झालं! 'ण' मी किती वेळा चुकले ते कोणाला ठाऊक नाही, मलाही नाही. पोरं मला म्हणायची, "आजी, तुहा 'ण' नाई जमला, पुस अन् लिही." त्या दुपारी मला बाजाराला जावंसंही वाटायचं नाही. आज मी पेपर वाचते, एसटीची पाटी वाचते, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचते. हे लिहितानासुद्धा हात थांबत नाही, वकिलांना सांगून आणखी कागद मागवला आहे.

३. पहिला शब्द कोणता लिहिला, तेही सांगते. आमच्यात बाईने नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. मी जन्मभर घेतलं नाही. हे गेले त्या वर्षी शेवंती भरून आली होती. मी ती तोडली आणि विकली. मळ्यात दुसरं कोणी नव्हतं. त्यानंतर हाक मारायला माणूस नाही आणि नाव घ्यायची सवय नाही, असं चाललं होतं. एक दिवस पोरं गेल्यावर मी तक्त्याच्या वरच्या कोऱ्या जागेत लिहिलं: पुंजाराम. तोंडाने नव्हे, हाताने. लिहिलं आणि दार लावून बघत बसले.

कपाळाचं माझं बायांनी पुसलं होतं, मला न पुसता. म्हणून तक्त्याखाली मी एक ओळ लिहून चिकटवली, "मले पुसल्याशिवाय पुसू नये." ती ओळ पोरांना वाचता येते. मनोज बी.कॉम. आहे, त्याने वाचली नाही.

मनोजवर माझा राग नाही. पोरगा कष्टाळू आहे. त्याला खताचं दुकान टाकायचं आहे आणि नितेशने होकार देऊन टाकला होता. मी नितेशला जाब विचारला तर म्हणतो, "माय, अर्धा दिवस रिकामीच तं रायते खोली." मी म्हटलं, "देऊळ बी अर्धा दिवस रिकामंच रायते. तिथं टाकतं का युरियाच्या थैल्या?" वर्षाली पदर तोंडाला लावून हसली.

तरी मी डोळे मिटले की दुसऱ्या दिवशी भिंतीवर रॅक लागतील, हे मला दिसतं. म्हणून लिहिते: ही खोली नितेशच्या नावावर राहील, पण समोर शाळा आहे तोवर ती पहिलीच्या वर्गाला वापरायला द्यावी. भाडं घेऊ नये. दुकान, गोदाम, धान्याची पोती, काही नाही. शाळा उठली तर नितेशने त्याच्या मनाने करावं.

४. तक्ते सांभाळायची रीत. मार्करचं टोपण टक आवाज येईस्तोवर दाबावं. पक्क्या शाईचा मार्कर खोलीत आणूच नये. लिहिलेलं फार दिवस राहिलं तर फडक्याने निघत नाही, डाग धरतो. तेव्हा त्याच अक्षरावरून पुन्हा मार्कर फिरवावा आणि ओलं असतानाच पुसावं, जुनंही निघतं. हे मॅडमनी शिकवलं. फडक्यांसाठी माझी सगळी सुती लुगडी फाडावीत. पेटीत घडी घालून ठेवू नयेत.

५. भासरे महादेवराव यांच्यापुढे मी आजवर तोंड उघडलं नाही, म्हणून लिहून सांगते. मी अक्षर गिरवते हे कळल्यावर ते पारावर म्हणाले होते, "घेऊन द्या आता बाईले दप्तर अन् चड्डी." त्यांना एक कोरा तक्ता आणि एक मार्कर द्यावा. रोज सकाळी आपलं मत त्यावर लिहावं आणि संध्याकाळी पुसावं. गावाला बरं पडेल.

६. कच्चा मजकूर मी तक्त्यावरच केला. तो नितेशला वाचून दाखवला, तर तो म्हणाला, "माय, हे तू लिहिलं?"

"नाई तं का तुह्या बापानं लिहिलं?"

मग त्याने फडकं घेतलं, मला विचारून एक कलम पुसलं, आणि मी सांगितलं तसं त्याच्या अक्षरात लिहिलं. ते दुसरं कलम आहे. खोलीचं.

वकिलांनी पतीचं नाव विचारलं, तेव्हा त्यांचा पेन मागून घेतला आणि मी लिहिलं.

वरचं सगळं मी वाचलं आहे, दुसऱ्याकडून ऐकलेलं नाही. साक्षीदारांसमोर सही करते. अंगठा नाही.

सही: मैनाबाई पुंजाराम मेहरे

साक्षीदार: १. नत्थुजी भोजने, सेवानिवृत्त पोस्टमन, बोरखेडी (सही)
२. माणिकबाई होले, बोरखेडी (सही)

ठिकाण: मोर्शी
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

वकील म्हणाले, सह्यांच्या खाली लिहिलेलं धरत नाहीत. धरू नका. मंगळवारी सकाळी मी सुताराला बोलावलं आणि तक्ते टांगायचे भिंतीवरचे सगळे खिळे खाली, सगळ्यात बुटक्या पोरीचा हात पोचेल तिथे, ठोकून घेतले.