टाळ्या वाजल्या त्यानंतर

४ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणशील, मुख्याध्यापक झाल्यापासून पोपटाला बहीण आठवत नाही. आज आठवलीस ती तोंड लपवायला.

आमच्या शाळेत समुपदेशक बाई आल्याचं तुला कळवलं होतं. पण मुलं त्यांच्या खोलीकडे फिरकेनात. बाकीचे वेडं म्हणतील ही धास्ती. दहावीतली एक मुलगी तेवढी नेमाने जायची. वर्गात शिरताना तिची छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. आता बरीच सावरली, असं बाईंनी विश्वासाने माझ्या कानावर घातलं. आणि मी अतिशहाण्याने काय करावं? सोमवारी परिपाठाला तिला पुढे बोलावलं, हिच्यासारखं धाडस सगळ्यांनी दाखवा म्हणालो आणि अख्ख्या शाळेला टाळ्या वाजवायला लावल्या. ती खाली बघत होती. मला वाटलं, लाजतेय.

तेव्हापासून ती शाळेत आलेली नाही. बाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. शी! माझी मलाच लाज वाटते गं. पुढच्या आठवड्यात परिपाठातच सगळ्यांसमोर तिची माफी मागायचं ठरवलंय. बरोबर ना?

भावजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
पोपट

८ डिसेंबर

चि. पोपटास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. अरे, भलं करायचं तरी समोर गर्दी हवीच का तुला? लहानपणी माझी बाहुली आजारी पडली, तर तिलाही तू भाषण दिलं होतंस.

ती पोर दहावीत आहे. शाळा सुटली तर वर्ष जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे पुन्हा कुणाजवळ मन मोकळं करणार नाही. माफीचं आधी तिलाच विचार. घरी जा, एकटा जा आणि तोंडाला जरा कुलूप लाव.

तब्येतीला जप. बोलले ते मायेपोटीच.

तुझी,
ताई

१७ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो. तिच्या आईने खुर्ची दिली, पाणी दिलं, वर शाळा बुडाली म्हणून माझीच माफी मागितली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. परिपाठात माफी मागतो म्हटल्यावर तिने विचारलं, पुन्हा माझं नाव घेणार का. घ्यावं तर लागेलच, मी म्हणालो. त्यावर ती शांतपणे म्हणाली, सर, टाळ्याही तुमच्यासाठीच होत्या आणि माफीही तुमच्यासाठीच आहे. मग मी काय करू, असं तिलाच विचारलं. काही करू नका, म्हणाली; दिसले तर कशी आहेस असंही विचारू नका.

बुधवारपासून ती येतेय. बाईंच्या खोलीत मात्र पाऊल टाकत नाही. आता कुणीच टाकत नाही. परिपाठाला मी सूचना वाचतो आणि बाजूला होतो.

काल जिन्यात समोर आली. चेहरा पांढराफटक, कठडा घट्ट धरलेला. बरी आहेस ना, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. भिंतीला चिकटून उभा राहिलो आणि तिला वाट दिली.

तू तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
पोपट